मोडायला सोपं खोकं

गच्चीत, बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवायची प्लास्टिकची मोठी खोकी हल्ली सुटी होऊन घरी येतात. चार भिंती, एक तळ, एक झाकण आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर अक्षर नसतं. अंगावर कपडे आणि डोक्यावर केस नसलेला एक गृहस्थ पहिल्या चित्रात गोंधळलेला आणि शेवटच्या चित्रात हसरा दाखवलेला असतो. मधल्या काळात त्याच्यावर काय गुदरलं हे आपण समजून घ्यायचं. (खोकं म्हटलं की महाराष्ट्रात हल्ली लोकांना राजकारणातली खोकी आठवतात आणि ते आधी ‘किती?’ असं विचारतात. इथे एकच आहे आणि आत झाडू आहे.) जाहिरातीचा सगळा भर ‘जोडायला सोपं’ या एका गुणावर. पाना नको, स्क्रू-ड्रायव्हर नको, सुतार तर नकोच. दावा खोटा नाही. बहुतेक खोकी पहिल्यांदा खरोखरच सहज उभी राहतात. पण उघड्यावर राहणाऱ्या खोक्याला एवढ्यावर पास करता येत नाही. ते न तोडता उकलता येतं का, उकलून पुन्हा उभं करता येतं का, आणि तेही तो कागद हरवल्यावर, हे कुणी विचारत नाही. याची उत्तरं ज्यांना तोंडपाठ आहेत ती माणसं पुण्याच्या महात्मा फुले मंडईभोवती रोज सकाळी खोकी मांडतात आणि रात्री आवरतात. पुणेकर ज्याला मंडई विद्यापीठ म्हणतात, त्याचा हा अभियांत्रिकी विभाग समजायला हरकत नाही. इथे प्रवेशपरीक्षा नाही, पदवीदान नाही. नापास होणाऱ्याचा माल मात्र त्याच संध्याकाळी भिजतो.

मंडईची इमारत हेच मुळात एक भलंमोठं खोकं आहे. ती बांधण्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. उघड्यावरचा माल छपराखाली न्यावा म्हणून नगरपालिकेने १८८६ मध्ये रे मार्केट उभं केलं. लॉर्ड रे हे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूकडे फुटलेली दालनं असा आराखडा, बांधणारे वासुदेव बापूजी कानिटकर. हे सगळं घाटत असताना नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी खर्चाला विरोध केला होता; हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे खोक्यावर किती खर्चावं आणि आतल्या माणसांवर किती, हा वाद पुण्यात एकोणिसाव्या शतकातच होऊन गेला. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. विरोध करणाऱ्याचंच नाव त्या कामाला देऊन टाकायचं, ही पुण्याची वाद मिटवण्याची जुनी पद्धत असावी. इमारत मात्र खणखणीत आहे. एवढे पावसाळे काढूनही ती उभी आहे, आणि तिच्यापुढे दहा वर्षांची हमी मिरवणाऱ्या प्लास्टिकने मान खाली घालावी. तिच्यात उणीव एकच: तिची घडी होत नाही. गाळे मोजके, विकणारे वाढते. आत ओटा न मिळालेली मंडई बाहेर रस्त्यावर पसरली आणि तिला रोज नाहीशी होणारी इमारत लागली. ही दुसरी इमारत कॅरेटची आहे.

कॅरेट म्हणजे भाजीचं जाळीदार प्लास्टिकचं खोकं. टोमॅटो त्यात साधारण २० किलो मावतो आणि नारायणगावच्या बाजारात भावही कॅरेटवरच निघतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून ही कॅरेटं टेम्पोने मंडईत येतात ती माल म्हणून, आणि माल उतरला की लगेच फर्निचर होतात. चार कॅरेटं पालथी घातली की पाये झाले. त्यावर फळी. फळी डुगडुगते म्हणून एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची चौपदरी घडी. फळीवर बारदान, बारदानावर पाण्याचा हबका, मग मेथीच्या जुड्या, मुळं आत आणि पानं गिऱ्हाइकाकडे. मागे एक कॅरेट उभं, त्यावर पोत्याची घडी, ही खुर्ची. पोत्याखाली जे आहे त्याची चौकशी करायची नसते, ती तिजोरी. शेजारी रंगाच्या जुन्या डब्यात सिमेंट ओतून त्यात नळीचा तुकडा उभा केलेला, त्या नळीत छत्रीचा दांडा. दोन कॅरेटं आडवी एकावर एक ठेवली की शेजारच्या दुकानाशी असलेली सरहद्द ठरते, आणि ही सरहद्द दिवसभरात वीतभर पुढेमागे सरकू शकते, हे तिचं वैशिष्ट्य. हे सारं उभं करताना कुणी कागद बघत नाही आणि काही उरतही नाही. एक कॅरेट कमी पडलं तर शेजारच्या मामांचं घेतात. ते परत देण्याबाबत दोन्ही बाजूंची स्मरणशक्ती वेगवेगळी असते, म्हणून तर कॅरेटांवर ऑइलपेंटने आद्याक्षरं घातलेली असतात.

उभारणीपेक्षा बघण्यासारखी असते ती मोडणी. ‘गाडी आली’ अशी हाक गल्लीच्या तोंडाशी उठली, की कुठली गाडी हे विचारण्यात वेळ घालवायचा नसतो. ती अतिक्रमणवाल्यांची असते. बारदानाची चार टोकं धरून मेथीसकट गाठोडं, फळी भिंतीला, कॅरेटं एकावर एक, छत्री मिटून बगलेत, आणि जिथे दुकान होतं तिथे एक मावशी रस्त्याने जात असताना जरा दम घ्यायला थांबल्यासारख्या उभ्या असतात. डिझाइनच्या भाषेत ज्याला विघटनसुलभ रचना म्हणावं, तिची इतकी चोख चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत होत असेल असं वाटत नाही. गाडी गेली की उलट्या क्रमाने सगळं पुन्हा जागेवर येतं. मेथीची जुडीसुद्धा बहुधा तीच पुन्हा वर येते.

आता शास्त्राकडे वळू, म्हणजे हे सगळं मंडईप्रेम नाही हे सिद्ध होईल. जोडणी सोपी कशी करावी याचं पद्धतशीर शास्त्र अमेरिकेत जेफ्री बूथ्रॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी १९७०-८० च्या दशकांत मांडलं. त्याचा गाभा तीन प्रश्नांत आहे. हा भाग बाकीच्यांच्या मानाने हलतो का? तो वेगळ्याच मालाचा असणं भाग आहे का? तो वेगळा नसेल तर बाकीची जोडणी किंवा दुरुस्ती अडेल का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली, तर तो भाग स्वतंत्र असण्याचं काही कारण नाही. शेजारच्या भागात विलीन करा. गच्चीतल्या खोक्याला हे प्रश्न लावले तर काय उरतं? झाकण हलतं, ठीक. बाकी चार भिंती आणि तळ एकमेकांच्या मानाने हलत नाहीत, निदान हलू नयेत अशी अपेक्षा असते. माल तोच. तेव्हा शास्त्र म्हणतं, पाचाचा एक करा. तो एक करून झालेला आहे आणि त्याला कॅरेट म्हणतात. साच्यातून बाहेर आलं की संपलं. जोडायला लागणारा वेळ शून्य. ‘दहा मिनिटांत जोडा’ ही जाहिरात शून्य मिनिटांच्या वस्तूपुढे करायची म्हणजे धाडसच.

आणि त्या पाच भागांना धरून ठेवणारा जो खटका असतो, त्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण सगळी फसगत तिथे आहे. प्लास्टिकची एक जीभ वाकते, खाचेत शिरते आणि ‘टक्’ असा आवाज करते. त्या आवाजाने माणसाला जे समाधान मिळतं ते फार जुनं असावं. डब्याचं झाकण लागल्याची खात्री देणारा आवाज आपल्याला लहानपणापासून आवडतो. पण वाकणाऱ्या जिभेला सहनशीलतेची मर्यादा असते. एकदाच बसवायच्या खटक्याला जेवढा ताण चालतो, त्याच्या साधारण ६० टक्केच ताण वारंवार उघडायच्या खटक्याला द्यावा, असा प्लास्टिकच्या अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे वारंवार उघडायचा खटका जास्त लवचिक करावा लागतो, त्याला जागा जास्त द्यावी लागते, आणि त्याचा ‘टक्’ मऊ होतो. दुकानात मऊ ‘टक्’ विकला जात नाही. म्हणून कडक ‘टक्’ देतात, जो एकदा बसतो तो बसतो. त्यात वरून पुण्याचं ऊन. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची मीटरभर लांबीची भिंत ३० अंशांनी तापली की ३ ते ५ मिलिमीटर लांब होते. रात्री पुन्हा आखडते. एप्रिल-मेमध्ये उघड्या गच्चीवर ती रोज हा व्यायाम करते आणि दरवेळी खटक्यांना ओढते. शिवाय उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकच्या रेणूंची साखळी तोडत राहतात. यावर स्वस्त आणि पक्का उपाय प्लास्टिकमध्ये काजळी मिसळण्याचा. पाण्याच्या टाक्या काळ्या असतात त्या उगीच नाही. पण गच्चीतल्या खोक्याला लाकडासारखं दिसायचं असतं, म्हणून ते तपकिरी असतं, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कुठल्याच लाकडासारखं दिसत नाही. कॅरेटलाही ऊन लागतं, तेही पिचतं. फरक इतकाच, की कॅरेटचा कान तुटला तर तापवलेल्या सळईने दोन भोकं पाडतात, सुतळी ओवतात आणि गाठ मारतात. हा कान मूळच्या कानापेक्षा हाताला मऊ लागतो. खटक्याची जीभ तुटली तर काय करायचं, याचं चित्र त्या कागदावर नसतं. तिथे गृहस्थ फक्त फोन लावताना दाखवलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मंडई वेगळी आणि घर वेगळं. घरातलं खोकं एकदा जोडायचं आणि जन्मभर त्यात वस्तू टाकत राहायच्या. ते रोज कोण मोडतंय? आक्षेप घेणारे बहुधा स्वतःच्या घरात राहत असावेत. पुण्यात भाड्याचा करार ११ महिन्यांचा होतो, आणि बाराव्या महिन्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं. स्वतःच्या घरातल्यांनीही फार निर्धास्त राहू नये, कारण सोसायटीच्या सभेत ‘रिडेव्हलपमेंट’ हा विषय एकदा निघाला की सगळी इमारतच विघटनसुलभ ठरते. मग ते खोकं टेम्पोत चढवायची वेळ येते. अख्खं जात नाही, कारण जिन्याच्या वळणाचा विचार खोकं बनवणाऱ्याने केलेला नाही. उकलायला जावं तर खटके उकलत नाहीत. शेवटी आतल्या वस्तू बाहेर निघतात: झाडू, कुंड्या, सायकलचा पंप, आकाशकंदिलाचा सांगाडा, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणि सिंहासनासकट महाराज. या सगळ्यांची सोय शेवटी कशात होते? टेम्पोवाला दादा मागून दोन कॅरेटं काढतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो परदेशातून आलेला आहे, त्यामुळे त्याला मान द्यायला हवा. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचन आणि डॅन अॅरिएली यांनी २०१२ मध्ये एक शोधनिबंध छापला. आपल्या हाताने जोडलेल्या वस्तूवर माणसाचा जीव जास्त जडतो, असं त्यात दाखवलं होतं. योगायोग असा, की त्यांच्या पहिल्या प्रयोगातली वस्तू सामान ठेवायचं साधं काळं खोकंच होतं, आयकियाचं. ज्यांनी ते स्वतः जोडलं त्यांनी त्याला सरासरी ७८ सेंट देऊ केले. ज्यांना आयतं जोडून मिळालं त्यांनी ४८. तेव्हा जोडण्याचे कष्ट हा दोष नाही, तो प्रेमाचा उगम आहे, असं कंपन्यांच्या बाजूने म्हणता येईल. म्हणता येईल, पण निबंध शेवटपर्यंत वाचला नसेल तरच. पुढच्या प्रयोगात लोकांनी ठोकळ्यांच्या वस्तू जोडल्या आणि मग मोडायला लावल्यावर ते जास्तीचं प्रेम ओसरलं. आणखी एका प्रयोगात काहींना खोकं जोडताना शेवटच्या दोन पायऱ्यांआधीच थांबवलं, तर त्यांची बोलीही घसरली. म्हणजे ज्याच्या खोक्याचं झाकण बसलं नाही त्याचं प्रेमही बसत नाही. आणि झाकण न बसलेली माणसं मोजायला घेतली, तर हा काही अपवाद म्हणता येणार नाही.

मंडईला हे आधीपासून माहीत असल्यासारखं दिसतं. तिथे रोज जोडतात आणि रोज मोडतात, त्यामुळे खोक्यावर जीव लावण्याची चैन कुणाला परवडत नाही. म्हणून कुठल्याही भाजीवाल्याला ‘हे कॅरेट विकता का?’ असं विचारलं, तर तो क्षणाचाही विचार न करता किंमत सांगेल. ‘ही जागा विकता का?’ असं विचारून बघावं. मंडईतला जिव्हाळा कॅरेटखालच्या चार फूट फरशीवर असतो, आणि त्या फरशीचा इतिहास आजोबांपासून सुरू होतो. हा शोध त्या तिघांच्या निबंधात नाही, कारण त्यांच्या प्रयोगशाळेत फुटपाथ नव्हता.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. अख्खं खोकं वाहून नेणं म्हणजे हवा वाहून नेणं. आयकियाची सगळी कहाणी यातूनच सुरू झाली असं सांगतात: १९५६ मध्ये गिलिस लुंडग्रेन या त्यांच्या माणसाने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले. तेव्हापासून जगात टेबलाला पाय लावायचं काम गिऱ्हाइकाकडे आलं, ते कायमचं. आपल्याकडचं भाजीचं कॅरेट उभ्या भिंतींचं असल्याने एकात एक जात नाही. रिकामी कॅरेटं घेऊन परतणारा टेम्पो बराचसा पुण्याची हवा घेऊन जातो, आणि तिचं भाडं कुणीतरी भरतंच. (व्यवहारात तो रिकामा नसतो. त्यात चपला असतात, डबा असतो, छत्री असते आणि कधी कधी झोपलेला माणूस असतो.) पण उभ्या भिंतींचं कारण आहे. भरलेलं कॅरेट भरलेल्या कॅरेटवर ठेवलं, की भार कडांवरून खाली उतरतो. सगळ्यात खालच्या टोमॅटोला वर किती मजले आहेत याचा पत्ता लागत नाही. मंडईपासून हाकेच्या अंतरावर बुरूड आळी आहे. तिथली बांबूची पाटी हवेशीर असते, देखणी असते आणि कोथिंबीर तिच्यात कॅरेटपेक्षा सुखाने राहते. पण पाटीवर पाटी चढवली की खालच्या मालाची चटणी होते. म्हणून प्लास्टिकला नावं ठेवून पाटीकडे परत चला, असा जो सूर अधूनमधून लागतो, त्यात मला फारसं तथ्य वाटत नाही. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकबंदी आणली ती पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर. कॅरेट हे एकदाच काय, एकाच कामालासुद्धा कुणी वापरत नाही.

आणि डिझाइन करणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट मनावर घ्यायला हवी. खोक्याला खोकं म्हणून वापरणं ही त्याच्या आयुष्यातली फार थोडा वेळ चालणारी नोकरी असते. उरलेल्या वेळात ते स्टूल असतं, टेबल असतं, कुंपण असतं, दुपारी उशी असते. अनंत चतुर्दशीला मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते, तेव्हा ते गॅलरीचं तिकीट असतं. तेव्हा पहिली अट: झाकणावर माणूस बसणार. ‘बसू नये’ असं छापून उपयोग नाही. छापलेली पाटी बसलेल्याच्या खाली जाते. झाकण सपाट हवं, खाली फासळ्या हव्यात, आणि पावसाचं पाणी मधे साठू नये म्हणून उतार हवा, पण बसणारा घसरणार नाही इतकाच. दुसरी अट: कोपऱ्यांना खटके नकोत, भोकं हवीत. मोठी, गोल, काठ घासलेली भोकं, ज्यांतून सुतळी, वायर, सायकलची ट्यूब, जे हाताशी असेल ते ओवता येईल. खटका एकाच कंपनीचा असतो, सुतळी कुठेही मिळते. भोकांमुळे उन्हातल्या वाढीलाही जागा मिळते. सुतळी सैल पडते, घट्ट करता येते, ओरडत मात्र नाही. तिसरी अट: चारही भिंती एकसारख्या हव्यात. डावी-उजवी, पुढची-मागची असा जातिभेद भिंतींत ठेवला, की चुकीची भिंत चुकीच्या जागी बसते आणि सहाव्या पायरीला कळतं की दुसऱ्या पायरीला घोटाळा झाला होता. एकसारख्या असल्या, तर एखादी फुटली तरी शेजाऱ्याच्या खोक्याची चालते. शेजाऱ्याला ते चालेल का, हा प्रश्न डिझाइनच्या कक्षेबाहेरचा आहे.

कुलपाचं म्हणाल, तर पितळी कुलूप प्लास्टिकच्या कोयंड्याला लावण्याची प्रथा बंद करावी. त्याने चोराला फक्त कुठे ओढायचं ते कळतं. हवा खेळायला वर जाळी हवी, आणि घूस शिरू नये म्हणून खाली नको. कांदा-बटाटा ठेवायचा असेल तर बंद खोकं मुळातच नको. बंद जागेत घाम सुटतो आणि मग वास सुटतो.

असं खोकं दिसायला ओबडधोबड होईल, ‘टक्’ असा आवाज करणार नाही आणि जाहिरातीत दाखवण्यासारखा हसरा गृहस्थ त्यातून निर्माण होणार नाही, हा शेवटचा आक्षेप. ते घेतंय कोण, असंही कंपनीचा विक्रीवाला विचारेल. त्याची परीक्षा सोपी आहे. पाहणी नको, प्रश्नावली नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात नमुन्याची काही खोकी मंडईबाहेर फुकट वाटून टाकावीत आणि दिवाळीच्या आसपास बघायला जावं. खोकी तिथे दिसणार नाहीत. चोरीला गेली असं लगेच समजू नये. तळ उसाच्या रसवाल्याकडे ग्लास निथळायला असेल, एखादी भिंत पावसाच्या झोताला आडवी बांधलेली असेल, दुसरी वजनकाट्याखाली सपाटीला घातलेली असेल. कुठलीतरी मावशी ज्या फळीवर मेथी मांडून बसली आहे, ती फळी म्हणजे आपलंच झाकण आहे हे ओळखू आलं, तर नमस्कार करून त्याची किंमत विचारावी. त्यांनी आकडा सांगितला, तर आराखडा पुन्हा कागदावर घ्यावा. ‘ते द्यायचं नाही, बाळा’ असं म्हणाल्या, तर साचा बनवायला टाकावा.